प्रसूतिवेदना आणि ईश्वरी न्याय : हिब्रू संदेष्ट्यांची एक उपमा

इ. स. पूर्व ७०१ मध्यें असुर देशाचा राजा सन्हेरीब हा यहूदाच्या चिमुकल्या राज्यावर चालून आला. त्याच्या कोरीव लेखांत असें नमूद आहे कीं, त्यानें यहूदांतील तटबंदीचीं ४६ नगरें जिंकलीं आणि हिज्कीया राजाला, पिंजऱ्यांत पांखरूं कोंडावें तसें, यरुशलेमांत कोंडून टाकलें. लाखीश नगर पडलें तेव्हांचा देखावा निनवेच्या राजवाड्यांतील भिंतींवर कोरलेला होता. त्या शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. तटाला भिडलेलीं यंत्रें, सुळावर चढविलेले पुरुष, आणि गांठोडीं सांवरीत, मुलांना हाताशीं धरून वेशीबाहेर पडणाऱ्या बायका त्यांत स्पष्ट दिसतात. यरुशलेमची पाळी आतां येणार हें उघड होतें. हिज्कीयानें वस्त्रें फाडलीं, गोणपाट अंगावर घेतलें आणि आपले मंत्री व वृद्ध पुरोहित यशया संदेष्ट्याकडे धाडले. त्यांच्यापाशीं दिलेला निरोप मोठा विलक्षण आहे. आजचा दिवस संकटाचा, शिक्षेचा आणि अप्रतिष्ठेचा आहे, एवढें सांगून राजा पुढें कळवितो कीं, मुलें गर्भाशयाच्या तोंडाशीं येऊन ठेपलीं आहेत आणि त्यांना बाहेर आणण्याची शक्ति उरलेली नाहीं.

हा दरबारी निरोप आहे. पाठविणारा राजा, नेणारे मंत्री, ऐकणारा संदेष्टा. आणि भाषा मात्र सुइणीची. बाई अडली आहे, हेंच तो राजा सांगत आहे. परंतु अडली आहे ती त्याची राजधानी. या उपमेचा खुलासा करण्याची गरज त्याला वाटली नाहीं व यशयालाहि तो विचारावा लागला नाहीं. कारण हिब्रू संदेष्ट्यांच्या वाङ्मयांत ईश्वरी न्यायाचा दिवस आणि प्रसूतीची घटका यांचा संबंध इतका जुना व इतका दृढ आहे कीं, एकाचें नांव काढतांच दुसरें ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभें राही.

हा संबंध नीट समजण्यासाठीं त्या काळचें बाळंतपण कसें असे हें थोडें पाहिलें पाहिजे. इस्राएलांतील बाई घरींच प्रसूत होई. ती उकिडवी बसे; तिच्याखालीं आधार असे त्याला हिब्रूंत 'ओव्नायीम' म्हणत. या शब्दाचा उगम बहुधा 'दोन दगड' असा आहे. निर्गमाच्या ग्रंथांत मिसरचा राजा शिफ्रा व पुवा या सुइणींना हुकूम देतो तेथें हाच शब्द येतो. आणि यिर्मया कुंभाराच्या घरीं जातो तेव्हां कुंभाराच्या चाकालाहि हाच शब्द आहे. देव मातीला आकार देतो आणि बाई मुलाला जन्म देते, हीं दोन कामें त्या भाषेनें एकाच आसनावर बसविलीं होतीं. जिवाची शाश्वति मात्र नव्हती. याकोबाची लाडकी राहेल बेथलेहेमच्या वाटेवर बाळंत होतांना गेली. पेटी शत्रूंच्या हातीं पडली, सासरा व नवरा मेले, ही बातमी ऐकतांच फिनहासाच्या बायकोला कळा सुरू झाल्या व मूल होतांच तीहि गेली. मुलाचें नांव ईखाबोद, म्हणजे 'वैभव गेलें', असें ठेवून गेली. दुर्वार्ता, वेणा, मृत्यु आणि राष्ट्राची नामुष्की या चारहि गोष्टी त्या एका कथेंत एकत्र बांधलेल्या आहेत. पुढें संदेष्ट्यांनीं जें केलें त्याचें बीज येथें आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

वेणांसाठीं हिब्रूंत एकच शब्द नाहीं. 'हील' हा शब्द पिळवटून निघणें, थरथरणें, तळमळणें या अर्थाचा आहे. त्याच धातूपासून नाचण्याचाहि शब्द होतो, कारण दोहोंत अंग वळतें. 'हवालीम' म्हणजे कळा. पण त्याच अक्षरांचा 'हेवेल' म्हणजे दोरखंड. आंवळून टाकणारी ती कळ, ही जाणीव या शब्दांतून कवींना आपोआप मिळत होती. गर्भाशयाच्या तोंडाला 'माश्बेर' म्हणत, म्हणजे फुटण्याची जागा. समुद्राच्या फुटणाऱ्या लाटांना 'मिश्बारीम' म्हणत, आणि दोहोंचा धातु एकच. ज्या भाषेंत बाळंतपण, दोर आणि वादळी लाट हीं इतकीं शेजारीं राहतात, त्या भाषेंतील कवीला संकटाचें वर्णन करण्यास फार दूर जावें लागत नाहीं.

आतां मराठी वाचकाला सहज असें वाटेल कीं, वेणांची उपमा ही मुळांत आशेची उपमा असली पाहिजे. वेदनेच्या पलीकडे मूल आहे. म्हणून शिक्षेच्या पलीकडे नवें जीवन आहे, असा तिचा अर्थ असावा. अनेक धर्मोपदेशकांनीं तसाच तो लावलाहि आहे. परंतु ग्रंथ उघडून पाहिल्यास बहुतेक ठिकाणीं मुलाचा उल्लेखच नाहीं. यशयाच्या ग्रंथांत बाबेलवरील न्यायाचें वर्णन आहे. तेथें माणसांचे हात गळून पडतात, काळीज वितळतें, वेणा त्यांना धरतात, ते एकमेकांकडे टकमक पाहूं लागतात आणि त्यांचे चेहरे ज्वाळेसारखे होतात. तेवढ्यावर चित्र संपतें. यिर्मयाच्या ग्रंथांत उत्तरेकडून येणाऱ्या निर्दय सैन्याची वार्ता ऐकून लोकांचे हात ढिले पडतात व कळा येतात. तेथेंहि मूल नाहीं. मवाब, अदोम, दिमिष्क यांच्यावरील वचनांतहि तेंच. अठ्ठेचाळिसाव्या स्तोत्रांत सीयोनवर चालून आलेले राजे नगर पाहतांच दचकतात आणि वेणांनीं गांठल्यासारखे पळत सुटतात. त्यांच्या पोटीं कांहीं जन्मास येतें असें कवीच्या स्वप्नींहि नाहीं. उपमेंतील धरून ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, कळ एकदां सुरू झाली म्हणजे तिच्यावर कोणाचा ताबा नाहीं. ती थांबवितां येत नाहीं, पुढें ढकलतां येत नाहीं, दुसऱ्यानें सोसतां येत नाहीं. देवाचा दिवस असा असतो, हें त्यांना सांगावयाचें होतें.

या ठराविक वर्णनाचें मूळ अमेरिकन पंडित डेल्बर्ट हिलर्स यांनीं १९६५ मध्यें एका लेखांत दाखवून दिलें. वाईट बातमी ऐकणाऱ्या माणसाच्या शरीराचें काय होतें हें सांगण्याची प्राचीन कवींची एक रीतच होती. हात गळणें, कंबर खचणें, अंगाला कंप सुटणें हे त्याचे टप्पे. सिरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा येथें १९२९ पासून उकरून काढलेल्या उगारित नगराच्या मृत्तिकापत्रांत अनात देवी दूत येतांना पाहते, तेव्हां तिचे पाय लटपटतात, कंबर मोडते व चेहरा घामानें भिजतो. हिब्रू कवींनीं हाच सांचा घेतला. पण त्या कंबरेच्या दुखण्याला त्यांनीं बाळंतिणीचें नांव दिलें. सांचा जुना म्हणून भावना उसनी, असें मात्र समजूं नये. मराठी शाहिरांचे सांचेहि ठरलेलेच होते, आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर त्यानें कांटा येतच असे.

सांच्याचा उपयोग किती धीटपणें होई याचें एक उदाहरण यिर्मयाच्याच ग्रंथांत आहे. सहाव्या अध्यायांत उत्तरेकडील सैन्याची वार्ता ऐकून सीयोनच्या लोकांचे हात गळतात व त्यांना वेणा येतात. पन्नासाव्या अध्यायांत तींच वाक्यें जवळजवळ शब्दशः पुन्हां येतात, पण आतां हात गळतात ते बाबेलच्या राजाचे. काल ज्यानें दुसऱ्याला कळा आणल्या त्याच्याच पोटांत आज कळ उठली. शब्द बदलावे लागले नाहींत, फक्त नांव बदललें. आणि तेवढ्यानेंच न्याय पुरा झाला.

कोणी म्हणेल, शूर योद्ध्यांना बाळंतिणीची उपमा देणें ही नुसती निंदा आहे. बायकी म्हणून हिणविणें आहे. त्या काळीं तशी निंदा होत असे यांत शंका नाहीं. असुर राजा अशुर-निरारी पांचवा यानें अर्पादच्या मतीइलूशीं केलेल्या तहांत, तह मोडल्यास मतीइलूचे सैनिक स्त्रिया होवोत, असा शाप घातलेला आहे. नहूम संदेष्टाहि निनवेच्या सैनिकांना स्त्रिया म्हणतो. परंतु 'स्त्री' म्हणणें आणि 'प्रसवणारी स्त्री' म्हणणें यांत अंतर आहे. पहिल्यांत दुबळेपणाचा आरोप आहे. दुसऱ्यांत माणसाच्या शक्तीची अखेरची सीमा आहे. याला मोठा पुरावा मेसोपोटेमियांतच सांपडतो. मध्य-असुर काळच्या एका मंत्रांत उपमा उलटी फिरविलेली आहे: तेथें अडलेली बाई रणांत पडलेल्या योद्ध्यासारखी आपल्याच रक्तांत पडली आहे. म्हणजे योद्ध्याला बाळंतिणीची आणि बाळंतिणीला योद्ध्याची उपमा देण्याची रीत त्या प्रदेशांत होती, आणि दोघांच्या मध्यें असे तें रक्त व मृत्यूचें सान्निध्य. क्लाउडिया बेर्गमान या विदुषीनें २००८ मध्यें या विषयावर सबंध ग्रंथ लिहिला असून तिचाहि रोख असाच आहे कीं, ही उपमा जिवावरच्या प्रसंगाची आहे, भित्रेपणाची नव्हे. हें मत मान्य करण्याजोगें वाटतें. वेण्या घालणाऱ्या किंवा पाणी भरणाऱ्या बाईची उपमा संदेष्ट्यांनीं योद्ध्याला दिली असती तर गोष्ट वेगळी होती. त्यांनीं निवडली ती एकच घटका, जींत पुरुष कधींहि गेलेला नसतो आणि जिच्यापुढें तो दाराबाहेर उभा राहून घाबरतो.

ही उपमा सर्वांत अधिक वेळां ज्यानें वापरली तो यिर्मया. योशीया राजाच्या तेराव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पूर्व ६२७ च्या सुमारास, त्याला बोलावणें आलें. आणि तें बोलावणेंच असें कीं, गर्भांत घडविण्यापूर्वींच देवानें त्याला नेमलें होतें. पुढें त्याच देवानें त्याला लग्न करण्यास मनाई केली. या भूमीवर जन्मणारीं मुलें रोगांनीं, तरवारीनें व दुष्काळानें मरणार, म्हणून तूं बायको करूं नको व मुलें होऊं देऊं नको, असें कारण सोळाव्या अध्यायांत दिलें आहे. ज्याच्या घरीं पाळणा हलावयाचा नाहीं असें ठरलें, त्याच्या तोंडीं बाळंतिणीचा आक्रोश पुन्हां पुन्हां यावा हा योगायोग मानणें कठिण आहे. विसाव्या अध्यायांत तर तो आपल्या जन्माचा दिवस शापितो. आईचें उदरच आपली कबर कां झाली नाहीं असें विचारतो. एवढी कडवट ओळ त्या सबंध वाङ्मयांत ईयोबाखेरीज कोणाच्या तोंडीं नाहीं.

चौथ्या अध्यायाच्या शेवटीं त्यानें रंगविलेलें चित्र त्याच्या सर्व चित्रांत भयंकर आहे. सुरुवातीस यरुशलेम नगरी नटलेली आहे: किरमिजी वस्त्र, सोन्याचे दागिने, डोळ्यांत काजळ. ती आपल्या जुन्या यारांना, म्हणजे ज्यांच्याशीं तिनें राजकारण केलें त्या राष्ट्रांना, रिझवूं पाहते. तोंच आवाज ऐकूं येतो, पहिलटकरणीच्या ओरडण्यासारखा. हिब्रूंत त्यासाठीं 'मव्कीरा' असा स्वतंत्र शब्द आहे आणि मराठींत त्याला 'पहिलटकरीण' हा तितकाच नेमका शब्द आहे; पुष्कळ भाषांना तो प्रसंग चार शब्दांत फोड करून सांगावा लागतो. पहिलटकरणीलाच ठाऊक नसतें कीं ही कळ कोठवर जाणार. सीयोनकन्या धापा टाकते, हात पसरते, आणि मग वाचकाला कळतें कीं तिच्या भोंवतीं सुइणी नाहींत, मारेकरी आहेत. पसरलेल्या हातांना धरणारें कोणी नाहीं. उपमा येथवर बाळंतपणाची होती. शेवटच्या शब्दानें ती खुनाची झाली.

यिर्मयाचे शब्द पुरे खरे ठरले. इ. स. पूर्व ५९७ मध्यें नबुखद्नेस्सरानें यरुशलेम प्रथम घेतलें व दहा-अकरा वर्षांनीं तें जाळून उद्ध्वस्त केलें. देवदाराच्या लाकडांनीं मढविलेले महाल बांधणाऱ्या राजघराण्याला त्यानें आधींच बजावलें होतें कीं, देवदारांत घरटें करून बसलां आहां, पण कळा आल्या म्हणजे कण्हत राहाल. आणि तिसाव्या अध्यायांत तो एक प्रश्न करितो, तो सर्वांत नवलाचा: पुरुष प्रसूत होतो काय, हें विचारून तर पाहा, मग हरएक पुरुष बाळंतिणीसारखा कंबरेवर हात देऊन उभा कां दिसतो, आणि सगळ्यांचीं तोंडें फिकीं कां पडलीं? नगराला बाई म्हणणें ही भाषेची सोय होती, कारण हिब्रूंत नगर स्त्रीलिंगी आहे. येथें मात्र ती सोय सुटली आहे. प्रत्यक्ष पुरुषांच्या अंगांत स्त्रीची वेदना शिरलेली संदेष्ट्याला दिसते आणि तो स्वतःच बुचकळ्यांत पडतो.

यिर्मयाच्या आधीं शंभराहून अधिक वर्षें उत्तरेकडील राज्यांत होशेयानें याच उपमेला वेगळें वळण दिलें होतें. त्याच्या चित्रांत चूक मुलाची आहे. एफ्राईमला वेणा आल्या आहेत, पण तो बाळंतीण नसून बाळ आहे. आणि मूर्ख बाळ, कारण वेळ झाली तरी तें गर्भाशयाच्या तोंडाशीं येत नाहीं. स्वतःहि मरणार व आईलाहि मारणार. इ. स. पूर्व ७२२ मध्यें शोमरोन पडलें व तें राज्य इतिहासांतून नाहींसें झालें. होशेयाचे श्रोते या उपमेंतून कोठें चुकले हें त्यानंतर वेगळें सांगण्याची जरूर राहिली नाहीं. त्याच भाषणाच्या शेवटीं तो गरोदर स्त्रियांचीं पोटें चिरलीं जातील असें सांगतो. हें काव्य नव्हे. आमोस अम्मोनी लोकांवर हाच आरोप ठेवतो: मुलूख वाढविण्यासाठीं त्यांनीं गिलादांतील गर्भवती चिरल्या. राजांच्या इतिहासांत मनहेम राजानें हेंच कृत्य केल्याची नोंद आहे. वेणांची उपमा ऐकणाऱ्या लोकांना युद्ध आणि गर्भाशय यांची प्रत्यक्ष गांठ कोठें पडते हें माहीत होतें, ही गोष्ट विसरून या वाङ्मयाचें सौंदर्य वाखाणणें बरें नाहीं.

मूल, किंवा निदान सुटका, या उपमेंत स्पष्टपणें येते ती मीखाच्या ग्रंथांत. सीयोनकन्ये, तळमळ, नगर सोड, रानांत राहा, बाबेलपर्यंत जा, असें तो सांगतो. आणि तेथें, त्याच परमुलखांत, तुझी सुटका होईल. आठव्या शतकांतील संदेष्ट्याच्या तोंडीं बाबेलचें नांव आल्यामुळें हा भाग मागाहूनचा असावा असें पुष्कळ अभ्यासकांना वाटतें. तें कसेंहि असो. मराठी कानाला येथें एक गोष्ट आपोआप ऐकूं येते जी इतरांना टिपा वाचून समजावून घ्यावी लागते. 'बाईची सुटका झाली' असें मराठी घरांत म्हणतात, तेव्हां कैदेंतून सुटलेल्या माणसाचा आणि बाळंत झालेल्या बाईचा शब्द एकच असतो. मीखानें जें दोन चित्रें जोडून साधलें तें मराठीच्या एका शब्दांत आधींच जोडलेलें आहे.

उलट यशयाच्या सव्विसाव्या अध्यायांत या आशेचीच थट्टा आहे, आणि ती थट्टा करणारे स्वतः दुःखी लोकच आहेत. ते देवाला सांगतात कीं, आम्ही गर्भार होतों, कळा सोसल्या, पण जन्मास काय आलें तर वारा. भूमीची मुक्ति आमच्या हातून झाली नाहीं. एवढ्या यातनांनंतर पोटांत वायगोळाच होता असें कळावें, याहून मोठी हताशा कोणती? लगेच पुढील ओळींत मेलेले उठतील असें आश्वासन आहे. पण तें देण्यापूर्वीं कवीनें निराशेला पुरतें बोलूं दिलें, हा त्याचा प्रामाणिकपणा.

यानंतर या उपमेच्या इतिहासांतील निर्णायक पाऊल पडलें. बाबेलमध्यें हद्दपार झालेल्या लोकांत, कोरेश राजा उदयास येत असतांना, एक अनाम कवि बोलत होता. त्याचीं वचनें यशयाच्या ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायापासून पुढें आहेत. कोरेशानें इ. स. पूर्व ५३९ मध्यें बाबेल घेतलें. बेचाळिसाव्या अध्यायांत हा कवि प्रथम देवाला योद्धा म्हणून पुढें आणतो. तो आरोळी ठोकतो, शत्रूंवर चाल करतो. येथवर जुनीच रीत. पण लगेच देव स्वतः बोलूं लागतो: फार काळ गप्प राहिलों, स्वतःला आंवरून धरलें, आतां प्रसवणाऱ्या स्त्रीप्रमाणें कण्हेन, धापा टाकीन, श्वास ओढीन. कण्हण्यासाठीं येथें जें क्रियापद आहे तें सबंध हिब्रू बायबलांत दुसऱ्या कोठेंहि येत नाहीं. आणि त्या श्वासानें डोंगर ओसाड होतात, नद्या आटतात; त्याच दमांत आंधळ्यांना नव्या वाटेनें हात धरून नेलें जातें.

आजवर न्याय करणारा देव होता आणि कळा दुसऱ्याला येत होत्या. येथें न्याय करणाऱ्यालाच कळा येत आहेत. कॅथरिन डार या पंडितेनें १९८७ मध्यें दाखविलें कीं, योद्धा व बाळंतीण यांची येथें जोडी लागते ती दुबळेपणावर नव्हे, तर आवाजाच्या व श्वासाच्या प्रचंड जोरावर. तिचें म्हणणें बरोबर आहे. परंतु तेवढ्यानें ओळींतील सर्व अर्थ संपत नाहीं. ज्या लोकांनीं दोन पिढ्या देवाच्या मौनाचा अर्थ 'त्यानें टाकलें' असा लावला होता, त्यांना कवि सांगतो कीं तें मौन दिवस भरण्याचें मौन होतें. मौनाचा असा अर्थ त्यापूर्वीं कोणी लावला नव्हता. या कवीला आपल्या धाडसाची कल्पना असावी, कारण तीन अध्याय पुढें गेल्यावर तो आक्षेपकांना दटावतो: मातीनें कुंभाराला जाब विचारूं नये, आणि आईला 'तूं कशाच्या वेणा देत आहेस' असें कोणी विचारूं नये. कुंभार आणि प्रसूति पुन्हां शेजारीं आलीं.

ग्रंथाच्या अगदीं शेवटच्या, सहासष्टाव्या अध्यायांत वेणाच नाहींशा होतात. सीयोनला कळा येण्यापूर्वींच मूल होतें. एका दिवसांत सबंध राष्ट्र जन्मतें. मग देव विचारतो कीं, मीं गर्भ तोंडाशीं आणला आणि प्रसूति होऊं दिली नाहीं, असें होईल काय? येथें वापरलेलें क्रियापद 'माश्बेर' शब्दाच्याच धातूचें आहे. मुलें तोंडाशीं अडलीं आहेत असें हिज्कीयानें कळविलें होतें. त्याच ग्रंथाच्या अखेरीस, निदान दीडशें वर्षांनंतर, दुसऱ्याच कोणा कवीनें त्या निरोपाला त्याच्याच शब्दांत उत्तर दिलें. शब्बाथ व महिन्याचा पहिला दिवस एकत्र आला म्हणजे हा अध्याय आजहि सभास्थानांत वाचला जातो. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांचें मुंबईंतील सर्वांत जुनें सभास्थान १७९६ मध्यें मांडवी भागांत स्थापन झालें. त्याचें नांव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार. 'रहमीम' म्हणजे दया, आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. दोहोंचीं मूळ अक्षरें तींच. हे संदेष्टे देवाच्या दयेविषयीं बोलतात तेव्हां हें नातें त्यांच्या कानांत असतें. हिब्रूंतून हे ग्रंथ मराठींत आणणाऱ्यांत एक स्त्रीहि होती. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचें भाषांतर केलें. १९२२ मध्यें त्यांच्या मृत्यूपूर्वीं तें पुरें झालें व १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. वेणांच्या या ओळी लिहिणारे पुरुष होते असें मानण्याची प्रथा आहे. निदान एका मराठी बायबलांत तरी त्या आई झालेल्या बाईच्या हातून उतरल्या.

पुढील काळांत या उपमेनें बरेच प्रवास केले. बायबल ग्रीक भाषेंत गेलें तेव्हां 'हेवेल' या शब्दानें भाषांतरकारांची गंमत केली: अठराव्या स्तोत्रांतील मृत्यूचे 'दोर' त्यांनीं मृत्यूच्या 'कळा' केल्या, आणि त्यामुळें प्रेषितांच्या कृत्यांत देवानें येशूसाठीं मृत्यूच्या कळा सोडविल्या असें वाक्य आलें, दोर सुटतात, कळा कशा सोडवितात, असा प्रश्न भाष्यकारांना पडत राहिला. मार्काच्या शुभवर्तमानांत युद्धें, भूकंप व दुष्काळ या सर्वांना वेणांची केवळ सुरुवात म्हटलें आहे. मृत समुद्राच्या कांठीं कुम्रानच्या गुहेंत १९४७ मध्यें यशयाची मोठी गुंडाळी सांपडली. तिच्याबरोबरच मिळालेल्या आभारस्तोत्रांपैकीं एकांत वादळांतील जहाज, वेढलेलें नगर आणि पहिलटकरीण अशीं तीन चित्रें एकमेकांत मिसळलेलीं आहेत, आणि तिच्यासमोर दुसरी एक स्त्री उभी केली आहे, जिच्या पोटीं साप आहे. सापासाठीं वापरलेला तो शब्द आणि बेचाळिसाव्या अध्यायांतील 'मी कण्हेन' हा शब्द यांचीं अक्षरें एकच आहेत. जुने लिहिणारे अशा गोष्टी सहसा नकळत करीत नसत.

बाबेलमध्येंच, संदेष्ट्यांच्या नंतर आठ-नऊ शतकांनीं, यहुदी आचार्य मसीहाच्या येण्यापूर्वींच्या संकटांना 'मसीहाची वेण' म्हणूं लागले. सन्हेद्रीन नांवाच्या तालमूद-प्रकरणांत त्यांचा संवाद आहे. उल्ला म्हणतो, मसीहा येवो, पण मला तो पाहावयाचा नाहीं. रब्बाहि तेंच म्हणतो. योसेफ तेवढा म्हणतो कीं, तो येवो, आणि त्याच्या गाढवाच्या लिदीच्या सावलींत बसावयास मिळालें तरी पुरे. मग कोणी यिर्मयाचा तो जुना प्रश्न काढतो: कंबरेवर हात देऊन बाळंतिणीसारखा उभा असलेला तो पुरुष कोण? 'पुरुष' या अर्थाच्या हिब्रू शब्दांत सामर्थ्याचा अर्थ आहे, हें धरून रव या आचार्याच्या नांवानें उत्तर दिलें जातें कीं, सर्व सामर्थ्य ज्याचें आहे, तोच तो. आणि फिकीं पडलेलीं तोंडें कोणाचीं? योहानान सांगतो: स्वर्गांतील परिवाराचीं आणि पृथ्वीवरील परिवाराचीं, कारण त्या वेळीं देव म्हणतो कीं, हेहि माझ्या हातचे व तेहि माझ्या हातचे, यांच्यासाठीं त्यांचा नाश मीं कसा करावा?